हापूसची काडी

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. मग तुम्हाला का सांगतोय? नर्सरी विकतोय म्हणून असेल. घेणारा बघायला यायचा म्हटल्यावर माणूस झाडलोट करतो, फुटक्या कुंड्या मागे टाकतो, पाटी रंगवून घेतो. मीही केलं सगळं. आमची नर्सरी एवढीशी, पावसच्या रस्त्याला, फक्त हापूसची कलमं. कितीही झाडलं तरी एक गोष्ट काही तिथून निघेना.

दिलावर आणि मी एका वर्गातले; नर्सरीतली कलमं तोच बांधायचा. कलम बांधावं तर त्यानेच — आणि हे तो स्वतःच सगळ्यांना ऐकवायचा. ‘माझं कलम मेलं तर मिशी काढीन!’ बढाईखोर मेला. पण हात खरोखरच तसा होता. रायवळ, म्हणजे गावठी आंब्याच्या कोयीतून आलेलं रोप म्हणजे खुंट. त्याच्यावर आमच्या जुन्या हापूसची काडी बसवायची आणि पट्टी गुंडाळायची. काडी जगली तर हापूस. काडी मेली आणि खालून खुंटालाच फूट आली, तर ते नुसतं रायवळ. ते उपटून फेकायचं असतं.

एका वर्षी कलमं बांधून झाली आणि दिलावर नेहमीसारखा दाभोळला मेहुण्याच्या बोटीवर गेला. पुढची राखण माझी. पावसाने उघडीप दिली, ऊन कडक — आणि मी? मी घरात क्रिकेट बघत लोळत होतो. उठून पाणी घालायचा कंटाळा, दुसरं काही नाही. गेलो तेव्हा एका वाफ्यातल्या काड्या करपलेल्या. खाली खुंटांना मात्र फूट आलेली, कोवळी, तांबूस.

उपटली का? नाही. मेलेल्या काड्या छाटल्या, फूट वाढू दिली, तिच्या बुडाशी नवी पट्टी बांधली — बघणाऱ्याला कलमच वाटावं अशी — आणि दिलावर परतायच्या आत एका निवृत्त मास्तरांना हापूस म्हणून विकली. त्यांनी कातळ फोडून बाग केली होती.

आंबा धरायला वर्षं लागतात. तेवढी वर्षं मी शांत झोपलो, खोटं कशाला बोलू? मग एका मे महिन्यात मास्तर पिशवी घेऊन आले. आंबा कापला. धागेच धागे, आंबटढाण. मास्तर ओरडले नाहीत. ‘आता परत बाग लावायचं माझं वय राहिलं नाही,’ एवढंच म्हणाले. दिलावर नेमका तिथेच उभा होता. आणि मी — मी त्याच्याकडे वळून म्हणालो, ‘जुन्या हापूसच्या शेजारच्या रायवळाच्या काड्या घेतल्यास तू.’

तो भांडला असता तर? मी कदाचित खरं बोलून गेलो असतो. पण त्याने कापलेल्या आंब्याची फोड उचलून उलटसुलट बघितली. मग हळूच म्हणाला, ‘चुकलंच असल माझं, वसंता. नजर फिरली असल.’ त्याला ते खरं वाटलं! त्यानंतर त्याने कलमाचा चाकू हातात धरला नाही. कुणी बोलावलंही नाही म्हणा. ही बातमी गावोगाव मीच पोचवली होती.

परवा खेडहून घेणारा आला. कलमांबद्दल कधी तक्रार आली होती का, असं विचारत होता, तेवढ्यात दिलावर आला. विक्रीचं कानावर गेलं होतं त्याच्या. म्हणाला, ‘साहेब, याच्या कलमांना एकदाच नावं ठेवली लोकांनी. ती माझ्यामुळं. ह्याचा काय दोष नाय. राग धरू नका त्याच्यावर.’

घेणाऱ्याने कौतुकाने आमच्याकडे पाहिलं. अशी सचोटीची माणसं आता कुठे मिळतात, म्हणाला. व्यवहार तिथेच ठरला.

मी काय केलं? मान डोलावली. जाताना दिलावर त्या जुन्या हापूसखालून गेला — दोन्ही हात पाठीमागे घेऊन. मास्तर पिशवी घेऊन आले त्या दिवसापासून तो त्या झाडाला हात लावत नाही.

त्याची नजर फिरली नव्हती. काडी हापूसचीच होती.