दुप्पट हार्डनर

मी विमानाच्या सुकाणूच्या रेझिनमध्ये दुप्पट हार्डनर ओतला. चुकून नाही, चांगला विचार करून ओतला. ओतताना स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं होतं.

आधी विमानाचं सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी थापा मारतोय. घरी जोडायचं विमान परदेशातून सुट्या भागांत मागवता येतं. दोन माणसं बसतील एवढं, सगळं फायबरचं. तारापूरच्या एका केमिकल कंपनीत वीस वर्षं घासल्यावर मी ते मागवलं. कंपनीला लागूनच असलेल्या सरावलीतल्या आमच्या दोन खोल्यांत तो खोका मावणार नव्हता, म्हणून सालवडला एक गाळा भाड्याने घेतला. खोका आला त्या दिवशी शेजारच्या गाळ्यातले कामगार मशीन बंद करून बघायला आले. फळ्या उचकटल्या आणि आतून विमानाचं अर्धं पोट निघालं. उभं चिरलेलं, पांढरंशुभ्र, गुळगुळीत! मी त्यावरून हात फिरवत राहिलो, नव्या जावयाने बुलेटवरून फिरवावा तसा.

"साहब, इसमें आदमी भी बैठेगा?" एकाने विचारलं.

"मैं बैठूँगा," मी छाती पुढे काढून म्हणालो.

तो जोडीदाराकडे वळून म्हणाला, "उस दिन अपन छुट्टी ले लेंगे."

पंख आणि शेपटी मात्र तयार येत नाहीत. फोमचा गाभा आपण कापायचा, त्यावर फायबरचं कापड अंथरायचं आणि त्याला रेझिन पाजायचं, हार्डनर मिसळला की कडक होणारा चिकट रस. हे शिकायला मी एडवणच्या एका काकांना गाठलं. ते मच्छीमारांच्या फायबरच्या होड्या बनवतात. दोन महिने रविवारी त्यांच्या होड्यांवर रोलर फिरवला. पांढरं कापड रेझिन पीत पीत काचेसारखं आरपार दिसायला लागतं ना, तो क्षण पाहिला की मला अजूनही शिट्टी मारावीशी वाटते. सुकल्यावर काका त्यावर नाणं वाजवत. ठण्ण वाजलं की काम पक्कं. भद्द वाजलं की आत हवा राहिली.

एका रविवारी त्यांनी फर्मान काढलं. "साहेब, पयलं शेपटीचं सुकाणू करा. एकट्यानं. पुढच्या रविवारी मी नाणं वाजवून बघीन. ठण्ण वाजलं तर पंखाला हात लावायचा. नाय वाजलं, तर नाय."

पंखाचं कापड एकदाच पुरेल इतकं होतं, त्यामुळे अट रास्त होती. पण पंखासाठी माझे हात असे शिवशिवत होते की आठवडाभर जेवणावर लक्ष नव्हतं.

गुरुवारी सुकाणू केलं. इतकं देखणं झालं की त्याचे अकरा फोटो काढले. पण दिवस ऊन-पावसाचे, हवा दमट. रविवारपर्यंत कडक नाही झालं तर? शेवटचा थर देतानाच आठवलं होतं, असल्या हवेत काका होडीच्या रेझिनमध्ये कॅटलिस्टचं झाकण जरा जास्त उपडं करतात आणि होडी लवकर कडक होते. म्हणून त्या थराच्या रेझिनमध्ये मी हार्डनर दुप्पट घातला होता. शिट्टी मारतच घरी गेलो.

शुक्रवारी सुकाणू चिकट. शनिवारी चिकट, वर दोन डास. बायकोचा हेअर ड्रायर चालवला, तर डासच तेवढे सुकले.

रविवारी सकाळी ठरवलं, काकांची वाट बघायची नाही, आपणच एडवणला जायचं. किनाऱ्यावरच्या उन्हावाऱ्यात सुकेल. मी मोटारसायकलवर पुढे, बायको मागे, तिच्या हातात सुकाणू. गाव जवळ आलं तसा समुद्राचा वारा आडवा भिडला आणि सुकाणू तिच्या हातात जिवंत झालं. डावीकडे ओढायला लागलं, मग उजवीकडे.

"अहो, हे मला उचलतंय!"

"उडतंय! आपलं विमान उडतंय!" मी ओरडलो.

"गाडी थांबवा, माझी ओढणी चिकटलीय!"

ओढणी निघाली, पण तिची जरीची किनार सुकाणूवर राहिली. बाकीचा रस्ता बायकोने सुकाणू हातभर लांब धरलं. मी मात्र हवेत होतो.

काका बाजारातून यायचे होते. मी सुकाणू त्यांच्या अंगणातल्या बांबूंवर, नुकत्याच टांगलेल्या बोंबलांच्या शेजारी अडकवलं. काका आले. बोंबील बघितले, सुकाणू बघितलं, खिशातून नाणं काढलं. ठण्ण नाही, भद्दही नाही. नाणं तिथेच चिकटलं.

"हार्डनर किती टाकला?"

"दुप्पट. तुम्ही दमट हवेत कॅटलिस्ट वाढवता ना, तसं."

काकांनी नाणं उपटून लुंगीला पुसलं. "ते आमचं होडीचं रेझिन. त्यात कॅटलिस्ट म्हंजे काडी लावायची, आग आपली आपण पेटते. तुमचं रेझिन वेगलं. त्याचा न हार्डनरचा जोडा असतो. शंभर नवऱ्यांना दोनशे नवऱ्या आणल्या, तर शंभर बोंबलत फिरणारच. डब्यावर लिवलेलं वाचलं नाय?"

"वाचलं होतं."

"हा थर सोलून निघंल. नवीन चढवा. कापड हाय?"

"एका सुकाणूपुरतं आहे."

"मंग पुढच्या रविवारी मी येतो. जमलं तर पंखाला रोलर तुमी मारायचा." मी उडी मारणार तेवढ्यात त्यांनी बोट बायकोकडे वळवलं. "हार्डनर मातर वहिनी मोजतील."

बायकोने मान डोलावली. मी पंखाच्या आनंदात तेही कबूल केलं.

काका बोंबील उलटे करायला वळले आणि सहज विचारलं, "साहेब, कंपनीत तुमी काय बघता?"

"मिक्सिंग," मी म्हणालो.

काकांचा हात बोंबलावरच थांबला.

"मंग ती सरावलीची लोकं रातची झोपतात कशी?"