येंधळं

ओल्या लोकरीचा वास आला की मला घाटनांदूरचा बाजार आठवतो. मेंढरांचा भाव तिथं तोंडानं बोलत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून सांगतात. त्या दिवशी भर पावसात वडिलांनी, आबांनी, पहिल्यांदाच सौदा माझ्या धाकट्या भावाच्या हाती दिला होता. व्यापाऱ्यानं बोटं दाबली आणि धाकटा ओरडला, "आबा, ह्यो तर आपण ठरवल्यापेक्षा जास्तच देतोय की!" अख्खा बाजार हसला, व्यापाऱ्यानं हात काढून घेतला. माझं डोकं फिरलं. मी त्याला मागं ढकललं, दुपारपर्यंत घासाघीस केली आणि गेलेला भाव परत आणला. वळून पाहिलं तर आबा धोतराच्या सोग्यानं त्याचं भिजलेलं डोकं पुसत होते. "लई येंधळं हाय माझं," ते लोकांना सांगत होते, जणू घरातला दागिनाच दाखवत होते. "आन् मी?" मी विचारलं. "तुझं काय? तुला कुठंबी टाकलं तरी तू जगशील." जगलो. स्वतःच्या हिमतीवर धंदा उभा केला. आबांच्या शेवटच्या आजारपणात डॉक्टरांशी भांडलो तोही मीच. धाकटा पाणी पाजताना अर्धं त्यांच्या छातीवर सांडायचा आणि त्यांच्या तोंडावर हसू यायचं. मी आत गेलो की ते फक्त विचारायचे, "समदं नीट चाललंय ना?"