थांबलंय, मेलं नाही

प्रयोग संपला की मुलं वह्या आवरायला लागायची, मी पंखे बंद करायला उठायचो आणि जाधवबाई मात्र सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेल्या असायच्या. "बाई, चहा गार होतोय," म्हटलं तरी मान न हलवता म्हणायच्या, "होऊ दे. हिचं अजून सुरू झालेलं नाही."

ही म्हणजे शेवाळाची एक पेशी. रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात बाई वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, मी भौतिकशास्त्र. चिऱ्याच्या बंद पडलेल्या खाणीत साचलेल्या पाण्यातून त्या हे शेवाळ आणायच्या. त्याची एकेक पेशी बोटाच्या पेराएवढी लांब आणि आतले बारीक कण सतत फिरणारे. बशीतल्या पाण्यात दोन बाजूंना दोन पट्ट्या ठेवून मी वीज सोडायचो, कारण बटणाला हात लावायला बाई घाबरायच्या. झटका बसला की कण जागच्या जागी थांबायचे आणि मुलं हळहळायची. "थांबलंय, मेलं नाही," बाई म्हणायच्या. "घाई कसली? बघत राहायचं." आणि खरंच, काही वेळाने कण पुन्हा चालू लागत.

मग त्या फळ्यावर पेशी काढत. पेशीच्या पातळ पटलाच्या आत आणि बाहेर मुळातच व्होल्टेजचा फरक असतो. बाहेरून वीज लावली की एका कडेला तो वाढतो, समोरच्या कडेला घटतो. फार घटला की पेशी दचकते. "आत फारसं काही पोचत नाही. पटलच सगळं अंगावर घेतं," हे सांगताना त्यांचा आवाज असा मऊ व्हायचा, की जणू घरातल्याच कुणाचं कौतुक चाललंय. त्यावरून मी त्यांना पुष्कळ चिडवायचो.

बाई मूळच्या देवरूखकडच्या. लग्न केलं नाही. आई आणि धाकटा भाऊ विलास, एवढंच घर. आई गेली आणि विलास भिंतीकडे तोंड करून जो निजला तो उठेचना. जेवण सुटलं, बोलणं सुटलं. औषधांनी फरक पडेना, तेव्हा डॉक्टरांनी भूल देऊन डोक्याला विजेचे झटके द्यायचं सुचवलं. हे ऐकून आत्या गावाहून धावत आली. "शॉक देऊन पोराचा दगड करशील गो!" म्हणून तिने घर डोक्यावर घेतलं.

बाईंनी वाद घातला नाही. आत्याला रिक्षात बसवून थेट प्रयोगशाळेत आणलं आणि सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. मी बटण दाबलं.

"थांबला गो सगळा!" आत्या ओरडली.

"बघत ऱ्हा, आत्ये."

बऱ्याच वेळाने आत्या पुटपुटली, "चालाय लागला..."

"ही एक पेशी हाय, आपला विलास नाय," बाई म्हणाल्या. "माका पण भ्या वाटतंय. पण तो उपाशी मरताना बघवत नाय गो."

आत्याने पदराने डोळे पुसले. "कर तुझ्या मनासारखा."

उपचार सुरू झाले आणि विलास परत आला. एका सकाळी त्याने पेज मागून घेतली, वाडगा रिकामा केला आणि विचारलं, "ताय, आये कुटं हाय?" या उपचारात अलीकडच्या आठवणी कधी कधी पुसल्या जातात, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. नेमकं आईचं जाणंच पुसलं गेलं होतं. बाईंनी त्याला सांगितलं आणि तो धाय मोकलून रडला. पुढच्या झटक्यानंतर पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तसंच रडणं. "सांगितलं ना तुला," असं बाई एकदाही म्हणाल्या नाहीत. दर वेळी त्याला जवळ घेऊन पहिल्यापासून सांगायच्या. शिक्षकांच्या खोलीत मला म्हणाल्या, "सर, पटल सगळं अंगावर घेतं, हे मी मुलांना किती सहज सांगते हो." मी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

हळूहळू विलास सावरला, कचेरीत जाऊ लागला. आणि यंदा, धडधाकट वाटणाऱ्या बाई वर्गातच कोसळल्या. दवाखान्यात बंद दारामागे त्यांच्या हृदयाला झटके देत होते. बाहेर बाकावर विलासने माझा हात घट्ट धरला होता. "थांबलाय फक्त, सर. ताय सांगते ना, बघत ऱ्हायचं." मी हो म्हणालो. आम्ही दोघं त्या दाराकडे बघत राहिलो.

डॉक्टर बाहेर आले आणि माझ्याकडे बघून त्यांनी नकारार्थी मान हलवली. विलासची नजर अजून दारावरच होती. मी त्याला जवळ घेतलं आणि सांगितलं. या वेळी त्याला एकदाच सांगावं लागलं.