हृदयाला विचारून

मीनल गेल्याचा फोन आला तेव्हा मी कोपरीतल्या माझ्या दवाखान्यात एका कुत्र्याला टाके घालत होतो. तिची मुलगी बोलत होती. मी ‘बरं’ म्हणालो, फोन ठेवला आणि उरलेले दोन टाके घातले. मीनलनंही तेच केलं असतं... आधी जनावर.

जनावरांच्या डॉक्टरकीला आम्ही एका बाकावर होतो. शरीरक्रियाशास्त्र आम्ही घोकायचो. तिला ते गोठ्यात दिसायचं. नुकती व्यालेली म्हैस कान गार पडून मान पोटाशी वळवून बसली, की तिच्या अंगातलं कॅल्शियम दुधात उतरलंय हे आम्हालाही कळायचं. पण जे कॅल्शियम शिरेतून दिल्यावर म्हैस उठते, तेच घाईनं दिलं तर हृदय बंद पडतं. म्हणून मीनल बाटली धरून, स्टेथोस्कोप कानाला लावून बसायची. ठोका अडखळला की बाटली खाली. ‘हृदयाला विचारून दे,’ हे तिचं पालुपद. आम्ही तिला विचारबाई म्हणायचो.

पुढे शीळफाट्याजवळच्या गावांत आम्ही दोघं मिळून कामं घेऊ लागलो. एका दुपारी तिथल्या वनूबाईंची म्हैस बसली. स्टेथोस्कोप मीनलच्या कानात, बाटली माझ्या हातात. मला पुढे डोंबिवलीला पोचायचं होतं. ती ‘हळू’ म्हणाली, मी ऐकलं आणि तरी बाटली उंचच धरली. ती ‘थांब’ म्हणाली तेव्हा उशीर झाला होता. वनूबाई गरम पाणी घेऊन आल्या तोवर म्हैस गेली होती. ‘आमच्या हातून चूक झाली,’ मीनल म्हणाली. गावानं त्या ‘आमच्या’चं ‘बाईच्या’ केलं. बाईमाणसाला म्हशीतलं काय कळतंय, असं गावभर झालं. मी मूग गिळून बसलो. तिला त्या पट्ट्यात पुन्हा कुणी बोलावलं नाही, मला बोलावत राहिले. ती कॉलेजात शिकवू लागली. चांगली शिकवायची म्हणतात, पण तिला गोठा हवा होता, हे मला ठाऊक होतं.

कल्याणच्या हॉस्पिटलात शेवटचं भेटलो. तिचं हृदय थकलं होतं. सलाइनकडे बघत म्हणाली, ‘माझ्या हृदयाला कुणी विचारतंय का रे?’ मला रडू आलं. वनूबाईंना खरं काय ते सांगणार आहे, असं पुन्हा बोलून गेलो.

‘किती वर्षं सांगणार आहेस?’ ती म्हणाली.

तू बरी झालीस की दोघं जाऊ, म्हटलं. तिथंही पळवाट काढलीच मी. चार दिवसांनी तो फोन आला.

तिचा स्टेथोस्कोप मुलीनं मला दिला. नळीला एका जागी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. गेल्या आठवड्यात वनूबाईंकडे तशीच म्हैस बसली, तेव्हा तोच घेऊन गेलो. अर्धी बाटली गेल्यावर बाटलीची नळी चिमटीत दाबून धरली, कान मोकळे केले आणि सांगितलं, की त्या दिवशी बाटली माझ्या हातात होती. मीनल थांब म्हणत होती.

वनूबाईंनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला.

‘डाक्टर, ती जित्ती असताना का नाय सांगितलं?’

मी स्टेथोस्कोप परत कानाला लावला. ठोका नीट चालला होता. चिमटी सैल केली... हळू, तिनं सांगितलं होतं तितक्या हळू.