बाबांच्या कारखान्यातलं पांढरं

बाबा करजणजवळच्या एका गोळ्यांच्या कारखान्यात होते. पेपरमिंट, साखरेचं कवच दिलेली बडीशेप, असा माल. फिरत्या कढईत गोळ्यांवर पाक ओतायचा, आणि तो दुधासारखा पांढरा दिसावा म्हणून त्यात एक पूड मिसळायची. नाव टायटेनियम डायऑक्साइड; बाबा नुसतं ‘पांढरं’ म्हणत. पोती फोडून ते पिंपात ओतायचं काम त्यांचं. नाकाला रुमाल बांधत, पण उन्हाळ्यात तोही नकोसा होई.

संध्याकाळी कारेलीबागेतल्या घरी आले की आई त्यांना जिन्यातच थांबवायची आणि टॉवेलने झटकायची. “पिठाच्या गिरणीतून आलात की काय!” म्हणून हसायची. बाबांच्या खिशात माझ्यासाठी फुटक्या गोळ्या असत. त्या मी जिन्यातच संपवायचे.

निवृत्त झाले आणि खोकला लागला. आधी सगळ्यांनी हवेला दोष दिला. मग जिना चढताना मध्येच थांबून ते कठडा धरू लागले. छातीचा फोटो काढल्यावर कळलं, फुप्फुसं आतून घट्ट होत चालली होती.

“त्या पुडीमुळे झालं असेल का?” मी डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टर गुजराती, पण आमच्याशी मराठीत बोलत. “बेन, हो म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. वर्षानुवर्षं धूळ श्वासात गेली, ते चांगलं नाही, एवढंच सांगतो. आणि काका विडी पण ओढायचे ना?”

ओढायचे.

औषधं सुरू झाली. एक दिवस गोळी काढून देताना पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचली. गोळीच्या पांढऱ्या रंगासाठी तीच पूड. पट्टी उजेडात धरून पुन्हा वाचली.

“काय झालं?” बाबांनी विचारलं.

मी सांगितलं. युरोपात ती आता खाण्यात घालू देत नाहीत, तेही सांगितलं. ती निर्धोक आहे असं खात्रीने म्हणता येत नाही, म्हणून.

“आणि आपल्याकडे?”

“आपल्याकडे चालते.”

बाबांनी गोळी तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिली. मग हसले, आणि हसता हसता खोकले. “कामावर परत बोलावलंय वाटतं,” म्हणाले, आणि पाण्याबरोबर गिळली. त्या थंडीत ते गेले.

आता मी दुकानात प्रत्येक डबी उलटी करून वाचते. टूथपेस्ट, उन्हाचं क्रीम, च्युइंगम. कातडीला लावण्याने फारसा धोका नाही, श्वासातून जाणं वेगळं आणि पोटात जाणं वेगळं, हे मी वाचलंय, मला पटतंही. तरी डबी हातात धरली की छातीत घरघर ऐकू येते. माझ्या नव्हे, बाबांच्या.

परवा भावाच्या मुलीचा वाढदिवस होता. अलकापुरीतल्या बेकरीतून आणलेला केक, वर शुभ्र क्रीम. त्यात काय होतं कोण जाणे. मी विचारलं नाही.

“आत्या, आ कर!” म्हणत तिने घास पुढे केला. सगळे बघत होते. मी तोंड उघडलं.

मग तिच्या ओठांवरचं क्रीम ओढणीने पुसलं. पुन्हा पुसलं. पुसतच राहिले.

“आत्या, दुखतंय,” ती म्हणाली आणि मागे सरकली.