बाबांच्या मापाचा कॅम्पर

घराबाहेर पडायचं ठरलं की माझे बाबा आदल्या संध्याकाळपासून पाणी पिणं सोडून देत. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली होती. वाटेत लघवीला लागली तर काय करायचं, ही त्यांची धास्ती. हाच माणूस हर्णेच्या बंदरावर वर्षानुवर्षं तांडेल होता. खलाशांना घेऊन भर समुद्रात होडी न्यायचा. झटका आल्यावर मी आईबाबांना रत्नागिरीत आमच्या घरी आणलं आणि बाबा खिडकीजवळच्या पलंगापुरते उरले.

सुट्टीत फिरायला जायचा विषय निघाला, की कोणीतरी बाबांपाशी मागे राहायचं. बहुतेकदा आईच. एके वर्षी मी सांगून टाकलं, "जायचं तर पाचही जणांनी. लॉजच्या पायऱ्या त्यांना जमत नसतील तर राहायची सोय आपण बरोबर घेऊन जाऊ."

नवऱ्याला आमच्या गाडीमागे जोडायचा ट्रेलर आवडला होता. दिसायला देखणा, आत दोन पलंग. पण गाडी चालू असताना ट्रेलरमध्ये माणसं बसवता येत नाहीत. म्हणजे बाबांनी प्रवासभर पुढच्या गाडीत अवघडून बसायचं आणि मुक्कामाला पोचल्यावर मागे जायचं. शिवाय हर्णेला जायचं तर दाभोळच्या फेरीबोटीवर, धक्क्याच्या उतारावरून हे लांबलचक शेपूट कसं चढवायचं? नवरा थोडा वेळ हिरमुसला, मग म्हणाला, "खरंय गं. मला तो साध्या गल्लीतसुद्धा मागे घेता येणार नाही."

मुलीला गाडीच्या टपावर उघडणारा तंबू हवा होता. त्याची शिडी पाहिल्यावर तिनेच विचारलं, "मग आजोबा खाली एकटेच झोपणार?" आणि तिने तो विषय सोडला.

शेवटी पुण्याहून भाड्याने एक मोठा मोटरहोम मागवला. आत फ्रिज, सोफा, टीव्ही, सगळं. आमच्या वाडीचा अरुंद रस्ता दोन्ही बाजूंच्या गडग्यांमधून, चिऱ्यांच्या कुंपणभिंतींमधून जातो. वळणावर तो असा अडकला, की अर्धी वाडी बघायला गोळा झाली. दाराच्या पायऱ्या इतक्या उंच, की चौघांनी मिळून बाबांना उचललं. त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. आत ठेवल्यावर जड जिभेने एवढंच म्हणाले, "घरात ने."

गाडी परत पाठवली. नवरा हळूच म्हणाला, "या वेळी राहू दे ना."

"गाडी चुकली. बेत नाही चुकला," मी म्हटलं.

मग मी गाड्या बघणं थांबवलं आणि बाबा सकाळी उठतात कसे ते बघत बसले. डाव्या हाताने पलंगाचा दांडा धरायचा, पाय खाली सोडायचे, तोल सावरेपर्यंत थांबायचं. म्हणजे उजवी बाजू भिंतीला हवी, डावा हात मोकळा हवा, आणि जमीन पायांना लगेच लागायला हवी. आम्हाला हवी होती ती बुटक्या तळाची, उंच छपराची, गल्लीत वळणारी लहान व्हॅन. कोल्हापूरच्या एका कुटुंबाकडे तसा वापरलेला कॅम्पर मिळाला. त्यातलं ओट्याचं कपाट काढून तिथे सरकत्या दाराचं छोटंसं शौचालय बसवून घेतलं. आईला दाखवायला नेलं, तर ती आत शिरली, दार ओढलं आणि आतूनच म्हणाली, "कडी आतल्या बाजूनं लाव गो. त्यांची त्यांना लावता आली पाहिजे."

बाबांचा पलंग उजव्या बाजूला होता, म्हणून जाताना हायवेने हर्णे गाठायचं आणि येताना किनाऱ्याने दक्षिणेकडे उतरायचं ठरलं. तसं केलं तरच समुद्र त्यांच्या खिडकीशी येणार होता.

निघताना मी बाटली पुढे केली. बाबांनी शौचालयाच्या दाराकडे पाहिलं आणि दोन घोट घेतले.

हर्णेला पोचलो तेव्हा संध्याकाळचा लिलाव रंगात आला होता. गाडी वाळूच्या कडेला लावली. आई उतरून थेट मासळीच्या टोपल्यांकडे गेली. बाबा म्हणाले, "पडदा लाव." झटक्यानंतर बंदरावरच्या कोणीही त्यांना पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटलं, पण मी पडदा लावला. ती त्यांची खोली होती. आत कोणाला घ्यायचं ते त्यांनीच ठरवायचं.

बराच वेळ ते फटीतून बघत राहिले. मग डाव्या हाताने त्यांनी स्वतःच पडदा सारला आणि वाळूवरून जाणाऱ्या एका म्हाताऱ्या खलाशाला हाक मारली. शब्द नीट फुटला नाही, तरी तो माणूस जागच्या जागी थांबला. "तांडेल?" म्हणत धावत आला आणि पलंगाच्या कडेवर बसून होड्यांच्या, जाळ्यांच्या, कोण गेलं कोण राहिलं त्याच्या गोष्टी सांगू लागला. बाबा मान हलवत होते, मधेच त्याची चूक दुरुस्त करत होते. आई बांगडे घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी दाभोळची खाडी ओलांडली आणि किनाऱ्याच्या रस्त्याने पुढच्या खाडीवर, तवसाळच्या धक्क्याला पोचलो. पलीकडे जयगड. फेरीबोट आली तेव्हा बाबांना गाढ झोप लागली होती, तोंडावर खिडकीतलं ऊन. बोटीवरचा माणूस "या, या" करत होता. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. बोटीवर चढताना गाडीला हिसके बसून ते जागे झाले असते; मी नको म्हणून मान हलवली.

"तुम्ही जा," त्याने खिडकीतून सांगितलं, "आम्ही पुढच्या बोटीनं येतो."