कार्डामागचं नाव

आमच्या मावशीचं धंद्याचं कार्ड फुकट मिळे, पण सहजासहजी नाही. आधी नाव सांगावं लागे. मग ती पिशवीतून बॉलपेन काढणार, त्याचं टोक दोनदा तळहातावर घासणार, कार्डाच्या मागे गोल अक्षरांत 'श्री. अमुक यांना' असं लिहिणार आणि दोन्ही हातांनी देणार. तोवर समोरच्याने तीनदा घड्याळ पाहिलेलं असे. मला तर मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी काही बोलले की उलट मलाच विचारायची, "बिननावाची लग्नपत्रिका आली तर तू जाशील का गं?"

तापीकाठच्या आमच्या हिंदी-मराठी गावात, बुधवारा मोहल्ल्यात, मावशी केळीचे वेफर तळायची. काका गेल्यावर तिने मागच्या अंगणात भट्टी लावली, हाताखाली दोन बाया घेतल्या आणि पंधरा वर्षं कुणापुढे हात पसरला नाही. केळी जवळच्याच जैनाबादहून यायची. घड उतरला की नखाने टोचून बघणार आणि शेतकऱ्याला म्हणणार, "भाऊ, हे तू तुझ्या घरी नेलं असतंस का? मग मला कशाला देतोस?" चार-चार दिवस तेच तेल वापरणाऱ्यांचा तिला भारी तिटकारा. "असल्या तेलात मी चपलापण तळणार नाही," म्हणायची.

दुकानादुकानात स्कॅनरच्या पाट्या लागल्या त्या वर्षांत तिचा धंदा बसला. गावातलेच दुकानदार बाहेरचे चकचकीत पुडे ठेवू लागले. सुरतेहून तिचा मुलगा फोनवर म्हणाला, "आई, दिवाळीपर्यंत बाहेरगावची एक तरी पक्की ऑर्डर मिळव. नाही तर भट्टी बंद कर आणि इकडे ये." मावशीला सुरत नको होती. "तिथं मी काय करू? सुनेच्या टीव्हीसमोर बसून शेंगा सोलू?"

म्हणून मी तिला व्यापाऱ्यांच्या मेळाव्याला नेलं. माझं आणि नवऱ्याचं मोबाइलचं दुकान. मी तिच्यासाठी छानपैकी क्यूआर कोड बनवला होता, गळ्यात अडकवायच्या पट्टीसकट. तिने तो पिशवीत टाकला आणि टेबलाटेबलाशी जाऊन नावं विचारत सुटली. "मौसी, क्यूआर नहीं है क्या? कार्ड कौन रखता है आजकल!" हसत होते मेले. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

जेवणं होऊन हॉल रिकामा झाला, तेव्हा जे पाहिलं त्याची किळस अजून जात नाही. एका कार्डाच्या कोपऱ्याने कुणी दात कोरले होते. एक कढीत भिजून पत्रावळीला चिकटलेलं. आणि ज्याने माइकवरून 'व्यापार म्हणजे माणसं जोडणं' असं अर्धा तास ऐकवलं, त्या पदाधिकाऱ्याने आपल्या नावाच्या कार्डात गुटख्याचा चोथा थुंकून, पुडी करून खुर्चीवर ठेवली होती. खुर्चीवर! शी! मागे नावं होती, त्यामुळे कुणी काय केलं ते सगळं वाचता येत होतं. मावशी एकेक कार्ड उलटून वाचत होती.

"टाक ना गं, हात काय घालतेस त्या घाणीत!" मी ओरडले.

"माणसांची नावं आहेत," ती म्हणाली. "पायाखाली येतील."

तिने सगळी गोळा केली आणि नळाखाली हात धुतले.

दुसऱ्या दिवशी तिच्या मुलाचा मला फोन. "ताई, खरं सांग. काही होईल?" माझ्या डोळ्यांपुढे तो चोथाच होता. मी म्हटलं, "काही होत नाही रे. घेऊन जा तिला."

तो आला. आठ दिवसांत भट्टी आणि कढया विकल्या, बायांना दुसरीकडे काम लावून दिलं. निघताना मावशीने आपला बटणांचा जुना फोन माझ्या हातात ठेवला. "कार्डावर याचाच नंबर आहे. कुणी लावला तर उचल बरं. आणि मला सांग." मी हो म्हटलं.

महिनाभर तो फोन काउंटरवर चार्जिंगला पडून होता. मग एका दुपारी वाजला. खंडव्याचा एक दुकानदार होता. "मौसीजी हैं? वो सम्मेलन में मिली थीं, केले के वेफर वाली. कार्ड पे मेरा नाम लिखके दिया था, तो फेंकते नहीं बना. मेरी दो दुकानें हैं. हर हफ्ते माल भेज पाएँगी क्या?"

समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्या मोबाइलला मी काच लावत होते. भट्टी विकली, मावशी गेली, एवढं सांगायला कितीसा वेळ लागला असता? पण मग तो विचारणार, का गेली? आणि घेऊन जा म्हणणारी तर मीच.

"राँग नंबर," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

त्या गुटखेवाल्याला मी अजून चारचौघांत शिव्या घालते. पण खरं सांगू, हल्ली त्याच्यापेक्षा माझीच मला जास्त शिसारी येते.

मावशी दर रविवारी सुरतेहून बोलते. तब्येत, तापीचं पाणी, केळीचा भाव, सगळं विचारून होतं. मग विचारते, "कुणी लावला होता का गं?"

मी नाही म्हणते.